लग्नाचं जेवण, रस्त्यावरून आलेले पाहुणे आणि तो एक पोशाख नसलेला माणूस

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात 22 व्या अध्यायाच्या सुरुवातीला, पहिल्या 14 वचनांत, लग्नाच्या जेवणाचा एक दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधाची गोष्ट आहे. तो वाचून झाला की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की त्या बिचाऱ्या माणसाचं काय चुकलं ओ? रस्त्यानं चाललेल्या माणसाला राजाचे नोकर लग्नाला घेऊन येतात आणि मग राजा स्वतः येऊन विचारतो तुझा लग्नाचा पोशाख कुठाय, आणि त्याच्याकडं उत्तर नाही म्हणून हातपाय बांधून बाहेरच्या अंधारात टाकून देतो. प्रेमाचा देव म्हणता आणि कपड्यावरून माणूस बाहेर काढता? इथं सोलापुरात उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहा घेताना हा प्रश्न हमखास निघतो, ख्रिस्ती नसलेले मित्र तर विचारतातच पण आयुष्यभर चर्चला जाणारी माणसंसुद्धा विचारतात, आणि प्रश्न एकदम बरोबर आहे. त्याला घाईघाईत उत्तर देऊन गप्प बसवलं तर दाखल्यातली मेन गोष्टच हातातून जाते.

आधी गोष्ट नीट बघू. एका राजानं मुलाचं लग्न काढलं. ज्यांना आधीच आवतण गेलेलं होतं त्यांना बोलवायला नोकर पाठवले, तर ते यायला तयार नाहीत. राजानं परत दुसरे नोकर पाठवले, सांगितलं की बैल आणि पोसलेली जनावरं कापलीत, सगळं तयार आहे, या. तरी एक जण शेताला गेला, एक धंद्याला गेला, आणि बाकीच्यांनी तर त्या नोकरांना पकडून बेइज्जत केलं आणि मारून टाकलं. राजा भडकला, सैन्य पाठवलं, त्या खुनी लोकांचा नाश केला आणि त्यांचं शहर जाळलं. मग नोकरांना म्हणाला, ज्यांना बोलावलं होतं त्यांची लायकी नव्हती, आता चौकाचौकात जा आणि जे भेटतील त्या सगळ्यांना घेऊन या. नोकर गेले आणि चांगले वाईट दोन्ही गोळा करून आणले, मांडव भरला. मग राजा पाहुण्यांना बघायला आत आला आणि तिथं तो एक माणूस दिसला. शेवटी ते प्रसिद्ध वाक्य, बोलावलेले पुष्कळ पण निवडलेले थोडके.

दोनदा बोलावणं का, तर मोठ्या घरची पद्धतच तशी होती, आधी कळवायचं आणि जेवण तयार झालं की परत माणूस पाठवून घेऊन यायचं. जुन्या करारात एस्तेरच्या पुस्तकात हामान नावाच्या राजाच्या मंत्र्याला मेजवानीचं आधी सांगितलेलं असतं आणि वेळ झाली की राजाचे सेवक त्याला न्यायला येतात, तसंच. म्हणजे ज्यांनी नकार दिला ते अचानक कळल्यामुळं गोंधळलेले नव्हते, त्यांना आधीपासून माहिती होतं आणि तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. राजाच्या मुलाच्या लग्नाला ऐन वेळी पाठ फिरवणं हे त्या काळात नुसतं बॅड मॅनर्स नव्हतं, आम्ही तुझा वारस मानत नाही असं सांगण्यासारखं होतं. म्हणून पुढं नोकरांचे खून होतात ते एकदम आकाशातून पडत नाहीत, बंडाची सुरुवात नकारातच होती.

आता ही गोष्ट येशू कुठं आणि कुणाला सांगतो हे बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ठिकाण आहे यरुशलेमचं मंदिर, वेळ आहे त्याच्या आयुष्याचा शेवटचा आठवडा. गाढवावर बसून तो शहरात आलेला आहे, मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवून झालेत, आणि मुख्य याजक आणि वडीलजन येऊन विचारतात की हे सगळं तू कुणाच्या अधिकारानं करतोस. त्यावर तो लागोपाठ तीन दाखले सांगतो. पहिला दोन मुलांचा, एक नाही म्हणतो पण कामाला जातो, दुसरा हो म्हणतो आणि जात नाही, आणि तिथंच तो त्यांना तोंडावर सांगतो की जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जाताहेत. दुसरा द्राक्षमळ्याच्या कुळांचा, जे मालकाचे नोकर मारतात आणि शेवटी मुलालाही मारतात. तिसरा हा लग्नाचा. म्हणजे हा दाखला शांत बसून केलेलं प्रवचन नाही, ऐन भांडणात धर्माच्या गादीवर बसलेल्या लोकांना दिलेलं उत्तर आहे, आणि बायबलमधे संदेष्ट्यांचा किती छळ झाला हे ऐकणाऱ्यांना पाठ होतं त्यामुळं मार खाणारे नोकर कोण हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मेजवानीचं चित्रही त्यांना नवीन नव्हतं, यशया संदेष्ट्याच्या 25 व्या अध्यायात परमेश्वर डोंगरावर सगळ्या राष्ट्रांसाठी मेजवानी घालतो आणि सगळ्यांच्या तोंडावरचे अश्रू पुसतो असं वचन आहे, देवाचं राज्य म्हणजे जेवण हे चित्र यहुदी घरात लहानपणापासून कानावर पडलेलं.

शहर जाळण्याचा भाग मात्र खटकतो आणि खटकायलाच पाहिजे. जेवण तयार आहे, जनावरं कापलेली आहेत, आणि मधेच राजा सैन्य पाठवून एक अख्खं शहर जाळून येतो आणि तरी जेवण अजून तयारच? व्यवहारात हे बसत नाही. बहुतेक अभ्यासक मत्तयाचं शुभवर्तमान साधारण इसवी सन 80 ते 90 च्या दरम्यानचं मानतात, आणि 70 साली रोमन सेनापती टायटसनं यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं. ती राख मत्तयाच्या पहिल्या वाचकांच्या आठवणीत ताजी होती आणि गोष्टीतल्या जळणाऱ्या शहरात ती दिसते असं ते म्हणतात. मला हे पटतं.

आणि इथंच एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे कारण या दाखल्यानं इतिहासात खूप नुकसान केलंय, म्हणजे दाखल्यानं नाही, तो वाचणाऱ्यांनी. शेकडो वर्षं ख्रिस्ती प्रवचनांत याचा अर्थ असा सांगितला गेला की यहुद्यांनी नाकारलं म्हणून देवानं त्यांना टाकलं, शहर जाळलं, आणि आता आपण ख्रिस्ती लोक त्यांच्या जागी बसलो. युरोपात यहुद्यांबद्दलचा जो द्वेष साठत गेला त्याला असल्या वाचनानं खतपाणी घातलं. पण येशू स्वतः यहुदी, त्याचे शिष्य यहुदी, मत्तयाच्या मंडळीतले बरेच लोक यहुदी. हे एका घरातलं भांडण आहे, घरातला माणूस घरातल्या पुढाऱ्यांना खडसावतोय, जसं यशया आणि यिर्मया त्याच्या आधी खडसावत होते. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पत्रात 11 व्या अध्यायात सरळ विचारलंय, देवानं आपल्या लोकांना टाकून दिलं काय, आणि स्वतःच उत्तर दिलंय, कधीच नाही. तेव्हा जो कोणी हा दाखला दुसऱ्या धर्माच्या माणसाकडं बोट दाखवायला वापरतो तो त्याचा निम्मा भागच वाचतो, कारण उरलेला निम्मा भाग मांडवाच्या आत बसलेल्यांबद्दल आहे.

लूकच्या शुभवर्तमानात 14 व्या अध्यायात जवळजवळ हीच गोष्ट येते पण मूड वेगळा. तिथं येशू परूशी या धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या एका पुढाऱ्याच्या घरी शब्बाथाच्या दिवशी जेवायला बसलाय. राजा नाही, एक साधा माणूस मोठं जेवण घालतो. लग्न नाही, सैन्य नाही, पोशाखाचा भागच नाही. उलट बहाणे मस्त सविस्तर आहेत, एक म्हणतो शेत घेतलंय ते बघायला जायचंय, दुसरा म्हणतो बैलाच्या पाच जोड्या घेतल्यात त्या चालवून बघायच्यात, तिसरा म्हणतो लग्न केलंय, येता येत नाही. आता शेत न बघता कोण घेतं आणि बैल न जुंपता पाच जोड्यांचे पैसे कोण मोजतं, ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे खोटं बोलताहेत. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 20 व्या अध्यायात नवीन घर, नवीन द्राक्षमळा किंवा ठरलेलं लग्न असेल तर माणसाला लढाईतून सूट दिलीय, आणि इथं लोक तसलेच बहाणे कशासाठी देताहेत तर जेवायला न येण्यासाठी. मग मालक गावातले गरीब, लुळेपांगळे, आंधळे आणायला सांगतो, तरी जागा उरते, म्हणून गावाबाहेर रस्त्यांवर आणि कुंपणांजवळ जाऊन लोकांना आग्रह करून आणा म्हणतो.

हा आग्रहही पुढं वाकडा केला गेला. 5 व्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटस पंथाच्या लोकांना सरकारी जोर लावून मुख्य चर्चमधे आणण्याचं समर्थन करताना हेच वचन वापरलं, आणि नंतरच्या शतकांत जबरदस्ती करणाऱ्यांना ते आयतंच मिळालं. ऑगस्टिन मोठा माणूस, पुढं मी त्यांचंच एक उत्तर सांगणार आहे, पण या ठिकाणी ते चुकले असं मी सरळ म्हणतो. कुंपणाजवळ झोपणाऱ्या माणसाला मोठ्या वाड्यात जेवायला चल म्हटलं तर तो विश्वासच ठेवणार नाही, नको नको म्हणणार, म्हणून आग्रह करायचा. तो हात धरून वर चल म्हणण्याचा आग्रह आहे, त्यात पोलीस कुठून आले?

चौकातून आणलेल्या लोकांचा भाग आमच्या मंडळीत फार जवळचा आहे आणि त्यावर थोडं थांबायला पाहिजे. सोलापूर आणि नगरकडं अमेरिकन मराठी मिशनचं काम 19 व्या शतकात सुरू झालं आणि त्यातून जी मंडळी उभी राहिली त्यातली कितीतरी घरं महार आणि मांग समाजातून आलेली. त्यांच्या आज्यापणज्यांना गावातल्या लग्नात पंगतीत जागा नव्हती. लग्नात राबायचं, वाजवायचं, सरपण आणायचं, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की लांब बसून जे टाकलं जाईल ते घ्यायचं. अशा माणसाच्या कानावर जेव्हा पहिल्यांदा पडलं असेल की राजानं चौकातल्या लोकांना आत बोलावलं, आणि वाढणाऱ्यानं आधी जात विचारली नाही, चांगला का वाईट तेही विचारलं नाही, सरळ आत बसवलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल याचा विचार करा. आणि नीट लक्ष द्या, मत्तय वाईट हा शब्द चांगलेच्या आधी लिहितो, म्हणजे आत येण्याची अट चांगलं असणं ही नव्हतीच. या दाखल्याचा पाया हाच आहे, जेवण फुकट आहे, खर्च राजाचा आहे, बोलावणं सगळ्यांना आहे.

आणि म्हणूनच पोशाखाचा भाग इतका बोचतो. ज्या लोकांना कायम अंगावरच्या कपड्यावरून हटकलं गेलं, देवळात नको, विहिरीवर नको, शाळेत मागं बस, त्यांना इथंही परत कपडेच विचारणार काय? मला वाटतं हा प्रश्न मनात न आणता जो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, हा भाग शिकवतो तो आपल्या लोकांकडं बघतच नाही.

उत्तर गोष्टीतच आहे, फक्त सावकाश वाचायला पाहिजे. मांडव भरलेला आहे आणि सगळेच चौकातले आहेत, त्यात गरीबच जास्त असणार. तरी पोशाख नसलेला एकच माणूस सापडतो. पोशाख म्हणजे महागडा कपडा असता तर निम्मा मांडव रिकामा करावा लागला असता. त्या काळात साध्या माणसासाठी लग्नाचा पोशाख म्हणजे काय, तर धुतलेला स्वच्छ झगा, शक्यतो पांढरा, बास. मग राजा त्याला दिसल्या दिसल्या बाहेर काढत नाही, आधी मित्रा म्हणून हाक मारतो आणि विचारतो, तू असा आत कसा आलास? म्हणजे बोलायला जागा दिली. माझ्याकडं दुसरा कपडाच नाही महाराज, एवढं एक वाक्य त्याला म्हणता आलं असतं, आणि ज्या राजानं रस्त्यावरची माणसं गोळा करून आणली त्यानं ते ऐकलं नसतं असं मला अजिबात वाटत नाही. पण तो गप्प राहिला. कारण सांगण्यासारखं कारण नव्हतं. त्याला मिळालं नव्हतं असं नाही, त्याला गरज वाटली नव्हती.

बऱ्याच प्रवचनांत सांगतात की त्या काळी दारातच यजमान प्रत्येक पाहुण्याला पोशाख देत असे आणि यानं तो घ्यायचा नाकारला. ऐकायला छान वाटतं, अर्थही सोपा होतो. जुन्या करारात कपडे भेट देण्याचे प्रसंग आहेत, योसेफ भावांना कपड्यांचे जोड देतो, शमशोनाच्या लग्नात 30 जोडांची पैज लागते, पण येशूच्या काळात लग्नघरी प्रत्येक पाहुण्याला पोशाख वाटायची रीतच होती याचा पक्का पुरावा नाही, तेव्हा तेवढ्यावर सगळा अर्थ उभा करू नये. त्याच्याशिवायही गोष्ट नीट उभी राहते.

सोलापूरकराला हे कळायला एक जागा घरचीच आहे. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, 12 व्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं त्याची ती आठवण. सात नंदीध्वज येतात आणि सगळीकडं पांढऱ्या बाराबंदी दिसतात. तिथं पत्रिका कुणालाच नसते, ज्याला यायचं तो येतो. विडी वळणाऱ्या बाईचा पोरगा, यंत्रमागावरचा कामगार, मोठ्या दुकानाचा मालक, सगळ्यांच्या अंगावर तीच पांढरी बाराबंदी, आणि ती अंगावर चढली की माणूस नुसता बघ्या राहत नाही, तो त्या लग्नातला होतो. कापडाची किंमत तिथं कोण विचारत नाही. आता गड्ड्यात नुसतं बघायला आलेल्यालाही कुणी हाकलत नाही, त्यामुळं तुलना इथंच थांबवतो, पण पोशाख म्हणजे मी या लग्नाचा आहे असं अंगावर घेणं, एवढं त्यातून समजतं.

मग ख्रिस्ती माणसासाठी हा पोशाख नेमका काय? यावर जुन्या काळापासून वाद आहे. ऑगस्टिन यांचं एक प्रवचन या दाखल्यावर आहे आणि त्यात ते ज्या पद्धतीनं शोध घेतात ती मला फार आवडते. ते विचारतात, अशी कुठली गोष्ट आहे जी चांगल्या माणसाकडं असते आणि वाईटाकडं नसते, कारण पोशाख तोच असला पाहिजे. बाप्तिस्मा म्हणावा तर तो वाईट लोकांनीही घेतलेला असतो. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी म्हणावा, तर तेही दोघं घेतात. उपास दोघं करतात, चर्चला दोघं येतात. चमत्कार म्हणावे तर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा राजा फारो याच्या जादूगारांनीही करून दाखवले. असं एकेक बाजूला काढत शेवटी ते प्रीतीवर येतात, शुद्ध मनातून निघालेली प्रीती, जी तीमथ्याच्या पहिल्या पत्रात सांगितलीय. माणूस सगळं नाटक करू शकतो पण ही नसली तर नाहीच.

पुढं 16 व्या शतकात युरोपात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक वाद पेटला तेव्हा हा पोशाखही दोन्ही बाजूंनी ओढला गेला, एक म्हणतात विश्वास, एक म्हणतात सत्कर्मं. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या बाजूचे म्हणणार की पोशाख म्हणजे ख्रिस्तच, तो विश्वासानं अंगावर घ्यायचा, आणि पौलानं गलतीच्या मंडळीला लिहिलंच आहे की तुम्ही बाप्तिस्मा घेतला म्हणजे ख्रिस्ताला परिधान केलं. पण त्याच पौलानं कलस्सैच्या मंडळीला करुणा, ममता, नम्रता, सहनशीलता अंगावर घ्या आणि सगळ्याच्या वर प्रीती घाला असंही लिहिलंय. बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकात 19 व्या अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या लग्नात वधूचं स्वच्छ तागाचं वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिमान कृत्यं, असं चक्क अर्थ लावून सांगितलंय. त्याच काळातले प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्व्हिन तर म्हणून गेले की पोशाख म्हणजे विश्वास का कर्मं यावर भांडण्यात अर्थ नाही कारण दोन्ही एकमेकांपासून तुटतच नाहीत. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पहिल्या काही शतकांत नवीन बाप्तिस्मा घेतलेल्यांना इस्टरला पांढरी वस्त्रं घालायचे आणि ते पुढचा आठवडाभर तीच घालून उपासनेला यायचे, म्हणजे विश्वास आणि नवीन वागणं एकाच कपड्यात.

यहुदी परंपरेतही अशीच एक गोष्ट आहे आणि ती या दाखल्याच्या शेजारी ठेवून वाचली की खूप उजेड पडतो. तालमूद या यहुदी धर्मगुरूंच्या शिकवणीच्या ग्रंथात योहानान बेन झक्काई या गुरूंच्या नावावर ती सांगितलीय, हे पहिल्या शतकातले, यरुशलेमचा नाश बघितलेले. राजानं सेवकांना मेजवानीला बोलावलं पण वेळ सांगितली नाही. शहाणे होते ते नटूनथटून वाड्याच्या दारात येऊन बसले, म्हणाले राजाच्या घरी काय कमी आहे, कधीही बोलावतील. मूर्ख होते ते म्हणाले तयारीशिवाय जेवण होतंय काय, वेळ लागंल, आणि आपापल्या कामाला गेले. अचानक बोलावणं आलं. शहाणे स्वच्छ कपड्यात आत गेले, मूर्ख मळक्या कपड्यात. राजा म्हणाला, जे तयार होऊन आले ते बसून जेवतील, जे तयार होऊन नाही आले ते उभं राहून बघतील. या गोष्टीला जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकातलं वचन जोडलंय, तुझी वस्त्रं सदा शुभ्र असोत. आणि अर्थ सांगितलाय पश्चात्तापाचा, म्हणजे मरण कधी येईल माहिती नाही तर रोजच मन फिरवून तयार रहा.

दोन्ही गोष्टीत फरक काय, तर येशूच्या गोष्टीत मळक्या कपड्यातला माणूस उभं राहून बघतही नाही, बाहेर जातो. हे जास्त कडक आहे, कबूल. मेजवानी रात्रीची, आत दिवे, म्हणून बाहेर अंधार. रडणं आणि दातखाणं हे शब्द मत्तय 6 वेळा वापरतो, लूक एकदाच, म्हणजे मत्तयाला हा इशारा मंडळीच्या कानात बसवायचाच होता. आणि इशारा कुणाला, तर आत असलेल्यांना. ज्यांनी नकार दिला त्यांचं आधीच झालं. हा माणूस मात्र बोलावल्यावर आला, बसला, जेवायच्या तयारीत होता, आणि त्यालाच विचारलं गेलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की मला प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, तेच इथं गोष्टीत आलंय. रजिस्टरमधे नाव आहे, बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात आहे, आजोबा पाळक होते, रविवारी पहिल्या बाकावर जागा ठरलेली आहे, आणि तरी घरातल्या सुनेशी, कामाला येणाऱ्या बाईशी, भाऊबंदकीच्या कोर्टकेसमधे वागणं जसंच्या तसं. मला हा दाखला वाचताना भीती वाटते ती या जागी.

आजकाल एक उलटं वाचनही ऐकू येतं. काही जण म्हणतात की शहर जाळणारा राजा देव असूच शकत नाही, तो हेरोदासारखा जुलमी राजा आहे, आणि तो गप्प राहणारा, बांधून बाहेर टाकलेला माणूस म्हणजे येशूच, कारण खटल्याच्या वेळी रोमन सुभेदार पिलातासमोर येशूही गप्प राहिला होता. यामागची कळकळ मला समजते, जुलूम झालेल्या माणसाच्या बाजूनं उभं राहून वाचायचा तो प्रयत्न आहे. पण मला तो टिकत नाही असं वाटतं, कारण येशू सुरुवातच स्वर्गाचं राज्य अशा राजासारखं आहे इथून करतो, आणि आधीच्या दाखल्यातल्या मळ्याच्या मालकाशी हा राजा जोडलेला आहे. राजाला हेरोद केलं तर चौकातल्या माणसांना मिळालेलं आमंत्रणही हेरोदाचं होतं, आणि मग या गोष्टीतली सगळ्यात मोठी कृपाच हातची जाते.

बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडके, हे वाक्य ऐकून लोक टक्केवारी काढायला बसतात, शंभरातले किती वाचणार. गोष्टीत तर भरलेल्या मांडवातून एकच माणूस बाहेर जातो, मग थोडके कसे? वाक्य दोन्ही भागांवर एकत्र लागू होतं, आधी बोलावलेले आले नाहीत ते, आणि आला पण तसाच बसला तो. बोलावणं सगळ्यांना असतं, त्याला आपलं म्हणून उत्तर देणारे कमी निघतात. देव आधीच यादी करून बसलाय असा अर्थ या गोष्टीतून काढायला गेलं तर ते नोकर उन्हातान्हात चौकाचौकात कशाला फिरले असते?

आणि पोशाखाबद्दल मत्तयाला स्वतःला विचारलं तर त्याचं उत्तर तीन अध्याय पुढं आहे. 25 व्या अध्यायाच्या शेवटी परत एक राजा बसलेला आहे, समोर सगळी राष्ट्रं, आणि तिथंही आत कोण बाहेर कोण हे ठरतंय. तो काय म्हणतो, मला भूक लागली होती तेव्हा तुम्ही खायला दिलं, मी उघडा होतो तेव्हा तुम्ही मला कपडे घातले. ते लोक चकित होऊन विचारतात आम्ही कधी घातले, आणि तो म्हणतो या माझ्या लहानातल्या लहान भावांपैकी एकाला केलं ते मला केलं. 22 व्या अध्यायात राजा पाहुण्याचा पोशाख बघतो आणि 25 व्या अध्यायात राजा विचारतो की दुसऱ्याला पोशाख कुणी दिला. माझ्या मते हे दोन भाग एकमेकांना उत्तर देतात, आणि ज्याला लग्नाचा पोशाख कुठं मिळतो असा प्रश्न पडलाय त्यानं तिथं शोधावा.

ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी 22 व्या अध्यायापासून सुरू करू नये. मत्तय 21 च्या 23 व्या वचनापासून, म्हणजे तू हे कुणाच्या अधिकारानं करतोस या प्रश्नापासून, 22 च्या 14 पर्यंत एका बैठकीत वाचावं, अर्धा तासही लागत नाही. मग लूक 14 चं पहिलं ते 24 वं वचन, आणि त्यानंतर मत्तय 25 चं 31 पासून शेवटपर्यंत. मोठ्यानं वाचलं तर आणखी चांगलं, आणि घरात पोरं असतील तर राजाचा प्रश्न एकानं वाचावा आणि तो माणूस गप्प राहतो तिथं सगळ्यांनी थांबावं, मग पोरांनाच विचारावं की त्यानं काय म्हणायला पाहिजे होतं.